सप्टेंबरचा पट, डिसेंबरचा वर्ग

जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज सकाळी खडूने लिहिलं जातं: वार, दिनांक, खाली मुलगे, मुली, एकूण पट, हजर. शाळेला किती शिक्षक मिळणार हे मात्र 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. त्यातही आधार वैध झालेलीच मुलं धरतात. पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या या प्रक्रियेला संचमान्यता म्हणतात.

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत सप्टेंबरला वर्ग भरलेले दिसतात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची उचल घेतलेली कुटुंबं संसार ट्रॅक्टरवर लादून ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. सातवीतली पोर सोबत गेली तर उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला कडेवर घेऊन भाकरी थापते, पाणी भरते. मागे राहिली तर आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. ज्यांना परवडतं, त्यांची मुलं इंग्रजी शाळेच्या बसमधून केव्हाच गेलेली असतात. गावच्या शाळेची खरी गरज या मागे राहिलेल्यांना.

2009 चा शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक सांगतो. पण तेवढंच नाही. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा. गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं शिकवणारे वेगवेगळे हवेत. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, कमी पटाच्या वर्गांवरची पदं धोक्यात आली आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

पट कमी म्हणजे गुरुजींना आराम, असं शहरात बसून वाटतं. प्रत्यक्षात एकाच खोलीत सहावीला अपूर्णांकांची उदाहरणं घालून द्यायची, आठवीला बीजगणित समजावायचं आणि तोवर सातवीने धडा वाचत बसायचं. मधेच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती.

वर्ग बंद झाला तर पुढची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असं राज्याचा नियम सांगतो. पण आईबाप फडावर असताना तेरा वर्षांच्या नातीला तेवढ्या रस्त्याने एकटीला धाडायला आजीचं मन धजत नाही. मग नाव पटावर राहतं आणि मुलगी घरी. म्हणूनच ऊसतोडीच्या तालुक्यांना पटाची अट वेगळी लावा, आणि आठवीपर्यंतचे शिक्षक गावातच ठेवा.