आधी हवा, मग रंग

ही मोटरसायकल राजदूत ३५०. नाव राजदूत, पण घडण अस्सल यामाहाची. जपानमध्ये यामाहाने आरडी ३५० बाजारात आणली १९७३ साली. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्स कंपनीने तिचंच बी मॉडेल परवाना घेऊन राजदूत ३५० या नावाने आपल्याकडे बनवायला सुरुवात केली. ३४७ सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि सहा गिअर. तेव्हा आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांना गिअर असायचे तीन नाहीतर चार.

बुलेट ३५० ची ताकद होती १८ अश्वशक्ती. हिची ३०.५. आणि एवढी ताकदसुद्धा कमी करून दिलेली! जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची होती. आपल्याकडे पेट्रोल वाचावं म्हणून सायलेन्सरची आतली वाट आवळली, पुढची डिस्क जाऊन ड्रम ब्रेक आला. पुढे 'लो टॉर्क' मॉडेल निघालं, ते आणखी खाली, २७ वर. तरी लिटरला वीस-पंचवीसच्या वर ती फारशी गेली नाही, आणि आपल्याकडे गाडी बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "देते किती?" तेवढ्यात सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी यांच्या शंभर सीसीच्या गाड्या एकामागोमाग आल्या. बजाज-कावासाकी तर आपल्या आकुर्डीची. ऐंशीचं दशक संपता संपता राजदूत ३५० चं उत्पादनही आटोपलं.

ज्या उरल्या, त्यांतली ही एक. कागलकडच्या एका गोठ्याशेजारी, कडब्याच्या पेंढ्यांमागे उभी होती. किक जागची हलत नव्हती. आता ती आमच्या कोल्हापूरच्या घराच्या मागच्या पडवीत आहे, आणि हा व्हिडिओ तिच्या इंजिनाचा आहे. चकचकीत क्रोम बघायला आलेल्यांना थोडा धीर धरावा लागेल.

(दृश्य: चेसिसवरचा नंबर, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासणारा हात)

पैसे मोजण्याआधीचं काम हे. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर घासून स्वच्छ करायचे, पेन्सिलने छाप घ्यायचा आणि आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. एक आकडा जरी जुळला नाही, तरी कितीही मोह झाला तरी गाडी सोडून द्यावी. पार्ट मिळतील, मिस्त्री मिळेल. कागद मिळणार नाहीत. अनेकांना वाटतं, जुनी आहे म्हणजे 'व्हिंटेज' म्हणून सुटेल. तसं नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडीच व्हिंटेज धरतात. आपली राजदूत ३५० अजून त्यात बसत नाही. तिला साध्या जुन्या गाडीसारखंच आरटीओत तपासणीला उभं राहायचंय.

आता हा स्क्रू बघा. क्लच कव्हरचा आहे. डोक्यावर फुली आहे, म्हणून कुणीतरी साधा फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर घालून जोर लावला आणि डोकं खाऊन टाकलं. जपानी गाड्यांची फुली वेगळी असते, त्यांच्या जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाची. वरवर सारखीच दिसते, पण नेहमीचा ड्रायव्हर तीत तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की वर उचलला जातो आणि कडा कुरतडतो. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर घ्या, आणि गच्च बसलेल्या स्क्रूला इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीचा ठोका बसला की त्याचं टोक दाबलंही जातं आणि फिरतंही. जुन्या जपानी गाडीला हात लावायचा असेल तर पाना-पेटीआधी ही खरेदी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: उघडलेलं इंजिन, क्रँककेसचे दोन भाग)

टू-स्ट्रोक इंजिन खोलताना एक गोष्ट मनात पक्की ठेवायला हवी. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खाली नुसतं तेल असतं. इथे पिस्टनच्या खालची बंद जागा, म्हणजे क्रँककेस, हाच पंप आहे. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, रीड व्हॉल्व्हची, म्हणजे एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेची, पाती उघडतात आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये चढतं. म्हणजे ही जागा हवाबंद नसेल, तर बाकी सगळं नवं घालूनही उपयोग नाही.

ती हवाबंद राहते ऑइल सीलमुळे, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकांवरच्या रबरी कड्यांमुळे. हा डावीकडचा, मॅग्नेटच्या बाजूचा. हातात घेतला तर रबर नाही, बांगडीचा तुकडा वाटतो. वाकवला की मोडतो. हा सील गेला की बाहेरची कोरडी हवा आत शिरते, मिश्रणातलं पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि चालत्या गाडीत सिलिंडरमध्ये जाम होतो. मागचं चाक जागच्या जागी लॉक. उजवीकडचा, क्लचच्या बाजूचा सील गेला तर उलट होतं: गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि गिअरचं तेल कुठे जातंय ते कळत नाही. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज खाली येत नसेल, वरच तरंगत असेल, तर पहिला संशय हवेच्या गळतीवर घ्या. लोक कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसतात आणि एक दिवस पिस्टन जातो.

आरडीच्या नावाने 'बेभरवशाची' असा शिक्का बसलाय. मला तो मान्य नाही. सील बघायचे सोडून रंग मारलेल्या, सायलेन्सर कापलेल्या गाड्यांनी तिची ही बदनामी केली आहे.

क्रँक मात्र पडवीत होत नाही. त्यासाठी शिवाजी उद्यमनगर. कोल्हापूरची ही गल्लोगल्लीची लेथ, फाउंड्री, ग्राइंडिंगची दुकानं नसती तर अशा कितीतरी गाड्या भंगारात गेल्या असत्या. आरडीचा क्रँक अखंड नसतो. तुकडे प्रेसवर एकमेकांत दाबून बसवलेले असतात. कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंग बदलायचं तर सगळं सुटं करायचं आणि परत दाबून सरळ करायचं. लेथवरच्या मामांनी तो दोन टोकांत धरला, वाकडेपणा मोजणारी डायल लावली आणि हाताने सावकाश फिरवला. काटा थरथरला की थांबायचं, तांब्याच्या हातोडीने नेमक्या जागी एक ठोका द्यायचा, परत फिरवायचं. "घाई असली तर जावा की चहा पिऊन या," एवढंच ते म्हणाले. आम्ही हललो नाही. मिलिमीटरच्या तीन शतांशांच्या आत काटा आला, तेव्हाच त्यांनी क्रँक खाली उतरवला.

सिलिंडरचं मूळ माप ६४ मिलिमीटर. इथे गंजाचे चट्टे खोल होते, म्हणून पुढच्या, मोठ्या मापाचे पिस्टन घेऊन बोअर मारला, म्हणजे सिलिंडर आतून तेवढा मोठा केला. पिस्टन आधी दुकानात न्यायचे, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर; उलटं कधीच नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मिलिमीटरच्या चार-पाच शतांशांएवढीच फट हवी.

आणि हे, जे पुष्कळ ठिकाणी राहून जातं. बोअर मारल्यावर सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या, कडा सुरीसारख्या धारदार होतात. रिंग वरखाली जाताना तिथे किंचित बाहेर फुगते आणि कडेला अडकून तुटते. म्हणून बारीक कानस आणि पॉलिश पेपरने प्रत्येक कड मोडायची. बोट फिरवून बघा: टोचता कामा नये. रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या पिनांवर बसलीत ना, आणि पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे आहे ना, हेही इथेच बघून घ्यायचं.

क्रँककेसच्या दोन भागांमध्ये पॅकिंग नसतं, फक्त लिक्विड गॅस्केटचा पातळ थर. बोल्टशेजारी धातूतच आकडे कोरलेत, बघा: १, २, ३. त्याच क्रमाने, टॉर्कच्या पान्याने आवळायचे.

(दृश्य: घरातलं ब्लड प्रेशर बघायचं यंत्र, त्याची नळी इंजिनाला जोडलेली)

या सगळ्या खटाटोपाची परीक्षा आता. सायलेन्सरची तोंडं रबरी बुचांनी बंद, कार्ब्युरेटरची एक वाट बंद आणि दुसऱ्या वाटेच्या बुचातून ही नळी आत. टू-स्ट्रोकवाले साधारण ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब भरून बघतात. घरातल्या बीपीच्या यंत्रावर शेवटचा आकडा असतो ३००. हे पाऱ्याचे मिलिमीटर, आणि पीएसआयमध्ये तो येतो ५.८ च्या आसपास. वेगळं यंत्र घ्यायची गरजच नाही.

फुगा दाबत काटा ३०० च्या जवळ न्यायचा आणि बघत राहायचं. सहा मिनिटं तो बऱ्यापैकी तिथेच राहायला हवा. इथे बघा, काटा उतरतोय. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. दोन्ही सील कोरडे, क्रँककेसचा जोड कोरडा, सिलिंडरच्या पायथ्याशी काही नाही. आणि हे बुडबुडे: डाव्या रीड व्हॉल्व्हच्या रबरी मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटर जोडायच्या नळकांड्याला, खालच्या बाजूने केसासारखी चीर आहे. वरून हे रबर ठणठणीत दिसत होतं. नवं मॅनिफोल्ड बसवलं, परत दाब भरला, आणि काटा थांबला. पडवीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला.

पुढचं भराभर. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचे पॉइंट (उघडले की प्लगमध्ये ठिणगी पडते ते संपर्क), म्हणून ठिणगीचं टायमिंग दोनदा. प्लगच्या भोकातून डायल गेज आत सोडायचा आणि पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या साधारण दोन मिलिमीटर आधी पॉइंट उघडतात का ते टेस्ट लॅम्पवर बघायचं. दोन्ही कार्ब्युरेटरचे स्लाइड एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत. इंजिनाला तेल पुरवणाऱ्या ऑटोल्यूब पंपातली हवा काढून टाकायची. तेलाच्या नळीत एक बुडबुडा राहिला तरी तेवढा वेळ पिस्टन कोरडा फिरतो. म्हणून पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, तेल मिसळलं.

(दृश्य: किक. दुसरी किक. इंजिन सुरू.)

निळसर धूर, आणि तो आवाज. दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकचा हा आवाज ज्यांनी ऐंशीच्या दशकात ऐकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. थोडं तापू दिलं, बंद केलं, पूर्ण गार होऊ दिलं, आणि हेडचे नट पुन्हा तपासले. रनिंग-इन संपेपर्यंत, म्हणजे नवे भाग रुळेपर्यंत, अर्ध्याच्या वर ॲक्सिलरेटर नाही. मग प्लग काढून बघितले: दोन्ही कॉफीच्या रंगाचे. एक जरी पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी पडत असल्याची खूण, निघाला असता तर गाडी परत स्टँडवर चढली असती.

पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, बॅटरी चार्जर आणि साधी लोखंडी सळी, एवढ्यावर गंज सुटतो. सळी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर करा, कारण हायड्रोजन निघतो.

बाहेरचा रंग मात्र आम्ही ठेवलाय तसाच. पट्ट्या फिकट झाल्यात, गुडघ्यांच्या जागी पत्रा दिसतो. कारखान्यातून निघालेला रंग एकदाच असतो, आणि आरसी बुकात नोंदलेला रंगही हाच आहे. सोमवारी आरटीओत गाडी उभी करायची आहे. नंबर प्लेट, आरसा, हॉर्न आणि मागचा दिवा एवढं बघून घेतलं की ती तयार.