नर्मदेचं पाणी आणि दोन फुटांची टाकी

[दृश्य: इंदूर, राजेंद्रनगर. घराची बैठक. भिंतीलगत लोखंडी स्टँड, त्यावर रिकामी काचेची टाकी.]

लांबी दोन फूट, रुंदी एक फूट, उंची सव्वा फूट. घरी पाणवनस्पतींची टाकी पहिल्यांदाच लावत असाल, तर हेच माप घ्या. काठोकाठ 70 लिटर पाणी मावतं. माती-दगड वजा जाता 55 लिटर धरा. याहून लहान टाकी स्वस्त मिळते, पण सांभाळायला अवघड. पाणी कमी, म्हणून ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं.

भरलेल्या टाकीचं वजन 90 किलोच्या आसपास जातं. स्टँड पाणसळीने तपासा आणि काचेखाली अर्ध्या इंचाचं थर्माकोल घाला. खाली एखादा खडा जरी राहिला, तरी तिथे सगळा भार येऊन तळाची काच तडकते. खिडकीसमोरची जागा टाळा, दिवसाचं ऊन टाकीवर पडू देऊ नका.

[दृश्य: अंगणातला हौद. नळाला पाणी आलेलं आहे.]

आता पाणी. इंदुरात टाकी बसते की बिघडते, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटर वाहून, माळव्याच्या पठारावर चढवून शहरात आणलं जातं. 1978 पासून हे पाणी इंदूर पितंय. पण बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, आणि उन्हाळ्यात हौदात बोरिंगचं पाणी मिसळावं लागतं. बेसाल्टच्या खडकातून मुरत आलेलं हे बोरिंगचं पाणी बरंच जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. म्हणजे एकाच हौदातलं पाणी जानेवारीत एक आणि मे महिन्यात दुसरंच. झाडं जड पाण्याला सरावतात, हलक्यालाही सरावतात. दर आठवड्याला बदलणारं पाणी मात्र त्यांना सोसत नाही.

म्हणून टाकीसाठी 50 लिटरचा झाकणाचा ड्रम वेगळा ठेवा आणि तो फक्त नळाच्या पाण्याने भरा. जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं.

[दृश्य: काचनळीत 5 मिलिलिटर पाणी. एकेक थेंब पडतो. नारिंगी रंग सातव्या थेंबाला हिरवा होतो.]

रंग बदलेपर्यंतचे थेंब मोजा. एक थेंब म्हणजे जडपणाची एक डिग्री, लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम क्षार. 4 ते 12 डिग्री असेल तर निश्चिंत राहा. जास्त निघालं तर आरओचं शुद्ध पाणी मिसळून खाली आणा. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात झाडांना लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी तर मुळीच नको. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते घालवायला 10 ग्रॅम हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवून बाटलीत भरून ठेवा. 10 लिटरला त्यातलं 1 मिलिलिटर पुरतं.

[दृश्य: परातीत चाळलेली माती. शेजारी वाटीत रेती.]

घराबाहेर खणलं की काळी माती लागते, आणि तीच टाकीत घालायची इच्छा होते. घालू नका. माळव्याची काळी माती चिकण असते, पाण्यात फुगते, आणि तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. ते महिनोन्‌महिने विरघळत राहून पाणी जड करतात. नर्सरीतून बिनखताची लाल माती आणा, चाळा, आणि तिचा एक इंचाचा थर द्या. शेणखत घातलंत तर पाण्यात अमोनिया उसळेल. मातीवर 2 ते 3 मिलिमीटर दाण्याची धुतलेली जाड रेती, पुढे दीड इंच, मागे तीन इंच.

रेतीची परीक्षा आधी करा. मूठभर रेती वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसून बुडबुडे आले, तर तिच्यात चुना आहे. ती परत करा.

[दृश्य: चिमट्याने लावणी. टाकीत चार बोटं पाणी.]

लावणी अर्धवट पाण्यात करा, रोपं तरंगत नाहीत. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया आणि हायग्रोफिला, मध्ये क्रिप्टोकोरिन, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न. पहिल्याच दिवशी तळाचा निम्म्याहून अधिक भाग झाडांनी झाकला गेला पाहिजे. इथे काटकसर करू नये. जी जागा आणि जे अन्न झाडं घेत नाहीत, ते शेवाळ घेतं.

अनुबियासचं आडवं जाड खोड रेतीत पुरलं तर कुजतं. ते दोऱ्याने लाकडाला बांधा. क्रिप्टोकोरिनची पानं आठवड्याभरात काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात. घाबरून रोप उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. विकतची बरीचशी रोपं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्यात त्यांची जुनी पानं जाणारच.

[दृश्य: दिव्याचा टायमर. काटा सहा तासांवर.]

दोन फुटांच्या टाकीला 20 वॅटचा, 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, एलईडी पुरे. पहिला महिना रोज सहाच तास, तेही टायमरवर. टाक्या बिघडतात त्या बहुतेक इथेच. झाडं मरगळली की दिवा वाढवला जातो. पण कार्बन डायऑक्साइड आणि पोटॅश कमी असताना नुसता उजेड वाढवला, तर त्याचा फायदा शेवाळालाच. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसलेल्या टाकीत आठ तासांपुढे कधीच जाऊ नका.

नव्या टाकीत तपकिरी थर येतो. तो काही आठवड्यांत आपोआप जातो, बोटाने पुसला तरी चालतो. पाणीच हिरवं झालं, तर दिवा बंद करून टाकी चार दिवस जाड कापडाने झाका. काळं, दाढीसारखं शेवाळ चिवट असतं. ती पानं कापूनच टाका.

पानं वाचायला शिका. जुन्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं पडली, तर पोटॅश कमी आहे. जुनी पानं पिवळी पडली, तर नत्र. नवी पानं फिकट निघाली, तर लोह.

[दृश्य: फिल्टरचा स्पंज बादलीत पिळला जातो.]

फिल्टर तासाला 300 ते 400 लिटर पाणी फिरवणारा हवा. त्याच्या स्पंजात जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं. तिसरं झाडांचं खाद्य. ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर मासे नकोत. एखाद्या जुन्या टाकीतला मळका स्पंज मिळाला, तर काम लवकर होतं. या दिवसांत पृष्ठभाग हलता ठेवा. डास संथ पाण्यात अंडी घालतात. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की सहा मासे सोडा. पाणी जड असेल तर गप्पी. मध्यम असेल तर झेब्रा डॅनिओ, हा आपल्याकडच्याच ओढ्यांतला मासा आहे. तो उडी मारतो, म्हणून झाकण हवं. शेवाळ खाईल म्हणून सकर मासा घेऊ नका. दुकानात दोन इंचांचा असतो, पुढे फुटापलीकडे वाढतो आणि झाडं उपटतो.

[दृश्य: मे महिन्याची दुपार. टाकीच्या काठावर छोटा पंखा.]

मे महिन्यात पाणी 32 अंशांवर गेलं, की ऑक्सिजन कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. पृष्ठभागावर तिरका वारा जाईल असा छोटा पंखा लावा. दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर उडतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात, म्हणून ही तूट आरओच्या पाण्यानेच भरा. वीज चार-पाच तास गेली, तर बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी फेकून मगच तो सुरू करा, आत ते सडलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी 50 वॅटचा हीटर 24 अंशांवर ठेवा, आणि पाणी बदलताना आधी त्याचा प्लग काढा. उघडा पडलेला तापता हीटर तडकतो.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा 40 टक्के पाणी बदला, पुढे आठवड्याला 25 टक्के. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. हायग्रोफिला वर पोचला की शेंडा छाटून तोच पुन्हा रोवा.

[दृश्य: छाटलेल्या फांद्या. मागे सिरपूर तलाव.]

छाटलेली झाडं नाल्यात टाकू नका. वाळवून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आले आहेत. टाकीतला एक सकर मासा किंवा परक्या झाडाचा एक तुकडा तिथे पोचला, तर पुढे तो काढता येत नाही. मासे नकोसे झाले, तर दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला.