डबा ऐसपैस, पण उलटा

मंडळी, विषय आहे ‘जिओकॅश कसा लपवावा’. आपल्यासारख्या ट्रेकर्सना तो काय असतो हे सांगायला नको. पण कोणी सासऱ्यांना ओढून आणलं असेल तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकजण डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश एका साइटवर जगजाहीर करतो. बाकीचे ती शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबी होती तिथे ठेवून घरी येतात. मिळतं काय? काही नाही. गडावर जाऊन तरी काय मिळतं आपल्याला?

माझा मुद्दा असा, की लहानपणी लपंडाव खेळलेल्या माणसाला डबी लपवता येत नाही. लपंडावात जो सापडतो त्याच्यावर राज्य. इथे डबी सापडलीच नाही तर लपवणाऱ्यावर राज्य! मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेला शंभरेक मीटरचा घोळ बंद केला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थानं ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली. आत चक्क घेवड्याचा डबा होता, गलोलही होती. तीन दिवसांत दोघांना ती सापडली. सापडावी म्हणूनच ठेवली होती हो!

आणि मी काय केलं? पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गेलो. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी घेतली, मातकट रंग दिला, वर बारीक खडी चिकटवली आणि गिरिपुष्पाच्या झाडीत दगडांमध्ये सारली. पहिला आला, साइटवर ‘सापडली नाही’ लिहून गेला. दुसरा, तिसरा, तेच. मी खूश. बायको म्हणाली, ‘‘अहो, कौतुक नाही करत ते, शिव्या देतायत.’’ मग एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं. दोन तास दगड उलथले. शेवटच्या दगडाखाली विंचू. त्याचा फोटोच टाकला त्यांनी, खाली एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावत टेकडीवर, डबी काढून आणायला. मलाच सापडेना! मी ओणवा. फिरायला आलेल्या एक काकू विचारतात, ‘‘काय हरवलंय?’’ जिओकॅश काय सांगणार? म्हटलं, डबी. ‘‘कसली?’’ तोंडातून गेलं, ‘‘तपकिरीची.’’ झालं! पाच माणसं तपकिरीची डबी शोधायला लागली. एका सद्गृहस्थांनी तर कळवळून स्वतःची तंबाखूची पुडी पुढे केली. (तंबाखू कोणी खाऊ नका. मी त्या दिवशी नुसती हातात धरली.)

डबी आजतागायत सापडलेली नाही. चूक उघड होती. झाडाखाली उभं राहून फोनवर जागेचं एकदाच रीडिंग घेतलं होतं. अक्षांशाचं मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम १.८५ मीटर. फोन मात्र सहज पाच-दहा मीटर चुकतो, झाडीत नि कड्याखाली त्याहून जास्त. म्हणजे शोधणारा पोचतो तो एका अख्ख्या वर्तुळात, आणि माझ्या वर्तुळात चारशे दगड होते.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. अरेच्चा, लपवायचं कसं ते राहिलंच! घ्या भराभर. रीडिंग वेगवेगळ्या दिवशी तीन-चारदा घ्या, सरासरी काढा. वर्तुळात वेगळी दिसणारी एकच वस्तू हवी : एकुलता वड, पडका चौथरा. हात घालण्याआधी आतलं दिसलं पाहिजे. सह्याद्रीत फटीत फुरसं असतं. डबी पुरायची नाही. दुसऱ्याच्या डबीपासून १६१ मीटर लांब. संरक्षित वास्तूत तर नाहीच नाही, आणि जमीन ज्याची त्याची परवानगी. टेकडी वनखात्याची, मी विचारलं नव्हतं, तो माझा दुसरा गुन्हा. खाऊ ठेवू नका, माकडं वही वाचत नाहीत. पेन नको, पेन्सिल. शाई ओलीनं पसरते. अवघडपणाचे एक ते पाच आकडे प्रामाणिक द्या.

आणि पावसाळ्यानंतर स्वतः जाऊन बघा. माझ्या दुसऱ्या डबीचं झाकण कोणीतरी अर्धवट लावलं होतं. यंदा उघडली तर वहीशेजारी पालीची दोन अंडी. वही खिशात घातली, झाकण होतं तसंच ठेवलं आणि साइटवर ‘तात्पुरती बंद’ असं टाकलं.