‘सगळे सारखेच’ म्हणून भागत नाही

‘आम्ही वर्गात कातडीच्या रंगाचा विषयच काढत नाही, मुलांना भेदभाव कळूच नये,’ असं पुष्कळ शिक्षक सांगतात. हेतू चांगला, पण उशीर झालेला असतो. तीन महिन्यांचं बाळसुद्धा रोज दिसणाऱ्या वर्णाचे चेहरे जास्त वेळ न्याहाळतं. हा पूर्वग्रह नव्हे, निव्वळ सवय. पुढे मात्र कोणाला मान मिळतो आणि कोणाला नाही, हेही त्याच्या ध्यानात येतं. १९४०च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या बाहुल्या ठेवल्या. ‘चांगली कुठली?’ असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त मुलांनी गोरी दाखवली. मोठी माणसं गप्प बसली की मूल अशा निरीक्षणाला आपलं स्वतःचं कारण जोडतं.

मग भाषण द्यायचं का? त्यापेक्षा वर्गातलं काम बदला. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्याने एका वर्गात बसू लागली, आणि भांडणं सुरू झाली. इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला दिसलं, की हात वर करून शाबासकी मिळवायची चढाओढच मुलांना एकमेकांविरुद्ध उभं करते आहे. त्यातून ‘जिगसॉ’ पद्धत निघाली. जिगसॉ म्हणजे तुकडे जोडून चित्र पुरं करायचं कोडं. ती अशी चालते.

पाच-सहा जणांचे गट करा. गट तुम्ही पाडा. मुलांवर सोडलं तर मित्र मित्रांजवळ जातात आणि सगळं तिथेच संपतं. धड्याचे तेवढेच भाग करून प्रत्येकाला एकच द्या. भाग असा हवा, की त्याच्यावाचून उत्तर पूर्ण होणार नाही. नुसतं ‘चित्र रंगव’ हे काम कच्च्या मुलाला दिलंत, तर त्याचं कमीपण तुम्हीच वर्गाला दाखवलंत. सगळ्या गटांतली एकाच भागाची मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात. ही पायरी वेळ वाचवायला गाळली जाते, आणि अडखळणारं मूल पुन्हा हशाचा विषय होतं. मग आपापल्या गटात परतून प्रत्येकजण बाकीच्यांना शिकवतो. शेवटी चाचणी, पण प्रत्येकाची वेगळी. गटाला एकच गुण दिले तर हुशार मूल सगळं ओढतं. एकदा करून काही होत नाही. काही आठवडे नेटाने चालवावं लागतं.

तरी एक दिवस कोणीतरी कोणाला रंगावरून हिणवणारच. तेव्हा ‘असं बोलू नये हं’ म्हणून पुढे जाऊ नका. काम थांबवा आणि सरळ म्हणा, ‘हा शब्द माणसाला कमी लेखतो, इथे चालणार नाही.’ दोनच वाक्यं. ज्याला लागलं त्याला सगळ्यांसमोर ‘तुला कसं वाटलं?’ विचारू नका, आपल्या समाजाची बाजू मांडायलाही लावू नका. ते मूल आहे, प्रवक्ता नाही. त्याला नंतर एकट्याला भेटा. बोलणाऱ्याशीही वेगळं बोला. ‘तू वाईट आहेस’ म्हटलं की तो स्वतःचा बचाव करत बसतो. ‘हा शब्द कुठे ऐकलास?’ इथून सुरुवात करा. उत्तर बहुधा एखाद्या मोठ्या माणसाकडे जातं, म्हणून पालकांना बोलवायची तयारी ठेवूनच हा प्रश्न विचारा.