पीसीओएस, वजन आणि तो रोजचा काटा

नमस्कार मंडळी! मागचा व्हिडिओ घावनांचा होता. त्याखाली निम्म्या कमेंट काय, तर "ताई, पीसीओएसवर बोला", "ताई, वजन हलतच नाही, रडू येतं". घावन राहिले बाजूला. चला, आज बोलूनच टाकू. मी डॉक्टर नाही, मला स्वतःला कॉलेजपासून पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, आहे, एवढाच माझा अधिकार.

प्राथमिक गोष्टी भराभर उरकते, कारण रिपोर्ट हातात पडल्यापासून तुम्ही गूगल पालथं घातलंच असणार. पाळी अनियमित. अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त, त्याने हनुवटीवर राठ केस, पिंपल्स. आणि सोनोग्राफीत अंडाशयावर ठिपके. तीनपैकी दोन असतील आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं डॉक्टरांनी तपासून बाजूला केली असतील, तर पीसीओएस. हा २००३ साली रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेला निकष. ते ठिपके म्हणजे अर्धवट वाढून थांबलेले बीजकोष असतात, त्यामुळे "गाठी काढून टाका एकदाच्या" असं सुचवणाऱ्या काकांनो, आभार, नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या शंभरातल्या १० ते १३ जणींना हे असतं. तुमच्या भिशीत एखादी नक्की असेल, बोलत नसेल इतकंच.

आता माझा राग. "वजन कमी कर, सगळं ठीक होईल." हे वाक्य मी दवाखान्यात ऐकलंय, एरंडवण्यातल्या कार्यालयात जेवणाच्या पंगतीत ऐकलंय, आणि परवा लिफ्टमध्येसुद्धा. अहो, पण ते वाढतं कशाने ते तरी बघा! पुष्कळ जणींचं शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या हार्मोनला, नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ते जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला लावतं, आणि चरबी पोटावर साठायला मदत करतं. पोटावरची चरबी इन्सुलिनची दाद आणखी कमी करते. की पुन्हा पहिल्यापासून. वजन कमी झालं तर फायदा होतो, हे खरंच. पाच-दहा टक्क्यांनीसुद्धा पाळी सुधारू शकते. पण त्यासाठी या मुलीला बाकीच्यांपेक्षा जास्त झगडावं लागतं, हे त्या पंगतीत कोणी बोलत नाही.

मानेवर काळपट, मखमलीसारखा पट्टा येतो ना, तोही या इन्सुलिनमुळेच. माझी आई दर रविवारी डाळीचं पीठ लावून माझी मान घासायची. "अगं, किती मळ!" मान लाल व्हायची, पट्टा तसाच. मुलींच्या माना घासू नका हो. साखर तपासा.

हां, तर काटा. रोज सकाळी काट्यावर उभं राहणं बंद करा. का?

एक तर पाणी. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, खारट खाल्लं तरी धरतं, पोट साफ नसलं तरी आकडा वर जातो. किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. ज्यांची पाळी महिन्याच्या महिन्याला येते त्या म्हणतील, पाळी जवळ आली असेल. आपली कधी येणार हेच माहीत नसतं! म्हणजे आकडा का वाढला ते कळायला मार्ग नाही, आणि रडून मात्र मोकळं.

हेच आता मनाच्या बाजूने बघा. सकाळी सात वाजता काटा म्हणाला अर्धा किलो जास्त. नाश्ता बंद. दुपारी नुसती काकडी. रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून चिवड्याचा डबा, दिवासुद्धा न लावता. ओळखीचं वाटतंय ना? पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये असं उपाशी राहून मग तुटून पडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्याला "कंट्रोल नाही" म्हणू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि तिसरं, व्यायाम. तुम्ही वेताळ टेकडी चढताय, आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचलताय, स्नायू थोडे वाढले, पोट थोडं उतरलं. काटा काय म्हणतो? जैसे थे. त्याला पोट दिसतच नाही! म्हणून टेप घ्या, शिवणाच्या डब्यातली.

(टेप कॅमेऱ्यासमोर धरते.) नीट बघा, कारण इथेच सगळ्या गडबड करतात. सलवारच्या नाडीच्या जागी नाही मोजायचं. बेंबी बघूनही नाही. सगळ्यात खालची बरगडी चाचपा. कमरेचं हाड चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप, आडवी, मागे वाकडी गेलेली नको. श्वास नेहमीसारखा सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढायचं नाही, इथे कोणी फोटो काढत नाहीये. महिन्यातून एकदा बास. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर गेलं तर लक्ष द्यायचं, असं धरतात. डॉक्टरांनी वजन बघायला सांगितलं असेल तर त्यांच्याकडे बघा, घरी रोज नको.

"ताई, कोणता डाएट?" दोनशे वेळा विचारलंत. २०२३ मध्ये पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नव्याने आली, त्यात साफ म्हटलंय की अमुक एकच आहार सरस, असा पुरावा नाही. म्हणजे पोळी सोडायची सक्ती नाही. वरण, उसळ, भाजी वाढवा, भात आटोक्यात ठेवा. आणि उपासाला साबुदाणा खिचडीची परात संपवून "आज मी काही खाल्लं नाही" म्हणू नका. मेथीचं पाणी, दालचिनीचं पाणी लिहिणाऱ्यांनो, प्या खुशाल, पण गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. "लग्न झालं की आपोआप बरं होतं" असं लिहिणाऱ्या आजोबांना मी ब्लॉक केलंय.

त्याच तत्त्वांमध्ये आणखी एक आहे. पीसीओएस असलेल्या प्रत्येक मोठ्या बाईला नैराश्य आणि चिंतेबद्दल विचारायला हवं, आणि वजनाचा विषय काढण्याआधी तिची परवानगी घ्यायला हवी. परवानगी! आपल्याकडे रिसेप्शनवरची मुलगीच सगळ्यांसमोर वजन मोठ्याने वाचते. तुम्ही सांगू शकता, "मॅडम, आकडा लिहून ठेवा, बोलू नका." मी सांगते. ती बघत राहते, पण लिहिते. विचारलं नाही तर आपणच बोलायचं: झोप लागत नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, सारखं रडू येतं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. आणि पाळी तीन महिने आलीच नसेल, तर तेही सांगायचं, "आपली तशीच असते" म्हणून थांबायचं नाही.

रात्री-अपरात्री फार कोसळायला झालं तर टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं.

एका मुलीने विचारलंय, "आईला कसं सांगू?" आईला हा व्हिडिओ मानेच्या किश्श्यापासून लावून द्या, आणि तुम्ही खोलीत थांबू नका. सोनोग्राफीचा रिपोर्ट कसा वाचायचा ते पुढच्या वेळी. आणि कमेंटमध्ये वजनाचे आकडे लिहू नका, लिहिलेत तर मी काढून टाकणार.