हुरड्याची आगटी आणि गॅसचं ग्रिल

(सोलापुरातल्या एका सोसायटीत हुरड्याच्या हंगामाच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, तुमच्या सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘गॅस सुरक्षा’. मी म्हटलं, हे नाव फळ्यावर लिहिलंत तर पुढच्या दोन रांगा सोडून कुणी बसणार नाही. त्यापेक्षा हुरड्यावर बोलतो. आता गड्ड्याची जत्रा येईल, आणि तिच्या मागंपुढं तुमच्यातलं प्रत्येक घर कुणाच्या ना कुणाच्या शेतावर जाणार. मोहोळकडं जा, मंगळवेढ्याकडं जा. शेंगाचटणी, गूळ, दही सगळं आलं. पण हल्ली गाडीच्या डिकीतून आणखी एक पाहुणा उतरतो, गॅसचं ग्रिल. पोरांना पनीर टिक्का पाहिजे असतो, हुरड्यानं त्यांचं पोट भरत नाही म्हणे.

माझा धंदा शेगड्या दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, “उघड्यावरच तर आहे, गॅस उडून जातो.” अहो, उडून कुठं जातो? आपल्या टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन असतं, ते हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. ते वर जात नाही, पाण्यासारखं उताराला लागतं. शिवाय टाकीत ते पातळ असतं. बाहेर आलं की एका वाटीचा साधारण अडीचशे वाट्या गॅस होतो.

आता शेत डोळ्यांपुढं आणा. सगळे बसलेत तिथं सगळ्यात खोलगट जागा कुठली? आगटी. जमिनीत खड्डा, त्यात रसरसलेल्या गोवऱ्या, वर खुपसलेली कणसं. आणि आपण ग्रिल मांडतो कुठं? आगटीला खेटून, गप्पा तुटू नयेत म्हणून. म्हणजे टाकीपाशी काही गळत असेल तर आपण त्याला विस्तवापर्यंतची वाट स्वतःच करून दिली. वासानं कळेल म्हणाल, तर गॅसला मूळचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. घरात तो लगेच कळतो. शेतात वारं त्याला भलतीकडंच नेतं, आणि गोवऱ्यांच्या धुरात बसलेल्याच्या नाकाला काय कळणार?

म्हणून ग्रिल आगटीपासून चांगलं लांब ठेवा, आणि आगटीपेक्षा चढावर तर मुळीच नको. कडब्याची गंज, गोठ्याची भिंत, मांडवाचं कापड यांच्यापासूनही निदान दहा फूट. विहिरीच्या काठाला नको, पाटाच्या चारीजवळ नको, दोन्हीकडं गॅस खाली उतरून साठतो. वाऱ्याचं म्हणाल तर ते ग्रिलच्या आडवं जाऊ दे. पाठीमागून आत शिरलं तर सगळी धग बटणांवर आणि नळीवर येते. काहीजण वाऱ्याला आडोसा म्हणून चारी बाजूंनी पत्रे लावतात, टाकीसकट. तेवढं करू नका. तापली की टाकीतला दाब वाढतो. आडोसा एका बाजूला, आणि टाकी त्याच्या बाहेर, उभी. आडवी टाकली तर गॅसऐवजी पातळच नळीत येतं.

हसू नका, आता माझं सांगतो. मीच तो शहाणा. पाव्हण्यांच्या शेतात झाकण असलेलं ग्रिल पेटवत होतो. झाकण बंद. बटण फिरवलं, खटका दाबला, ठिणगी नाही. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा वाकून बघितलं आणि झाकण उचलत खटका दाबला. भप्प! जोराचा आवाजसुद्धा नाही, नुसतं भप्प. भुवया गेल्या, पुढचे केस गेले. शेगडी दुरुस्त करणारा माणूस बिनभुवयांचा गिऱ्हाइकाच्या दारात उभा, लोक काय म्हणाले असतील ते तुम्हीच ठरवा.

तेव्हापासून माझी रीत ठरलीय. आधी झाकण उघडं. लायटरनं पेटवायचं असेल तर आधी ज्योत, मग बटण. चार-पाच सेकंदांत पेटलं नाही की बटण बंद, झाकण तसंच उघडं, आणि पाच मिनिटं तिकडं बघायचंच नाही. तोवर दोन कणसं खाऊन होतात. वाऱ्यानं मधेच विझलं तरी हेच.

वर्षभर माळ्यावर पडलेलं ग्रिल थेट शेतावर नेऊ नका. बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतो, कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. वाट तुंबली की ज्योत पिवळी, काजळी धरणारी होते, आणि कधी गॅस उलटा बटणाकडून पेटतो. घरीच झाडून घ्या. मग टाकी जोडून, बटणं बंद ठेवून, टाकीचा खटका उघडा आणि जोडावर साबणाचं पाणी लावा. नुसता फेस गप्प बसतो. गळत असेल तर एका ठिकाणी बारीक बुडबुडा फुगतो, फुटतो, परत तिथंच फुगतो. तो एकदा बघितलात की विसरणार नाही. काडी ओढून बघणारे अजून आहेत, त्यांना मी हात जोडतो.

केटरर लोकांच्या मोठ्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर ग्रिलला लावू नका, दुकानदार चालतो म्हणाला तरी. घरगुती रेग्युलेटरचा दाब ३० मिलिबार, ग्रिल बहुधा तेवढ्यासाठीच केलेलं असतं. टाकीच्या कड्याच्या पट्टीवर आतून अक्षर आणि आकडा असतो. ‘बी-२८’ म्हणजे २०२८ च्या जूनअखेर तिची चाचणी व्हायला हवी. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. तारीख उलटलेली टाकी आली तर परत पाठवा.

चिकनची चरबी खालच्या ताटलीत साठते. ती पेटली तर पाणी ओतू नका, जळती चरबी उडते. बटणं बंद, झाकण बंद. शेतात माती आहेच. गळती थांबेना तर सगळ्यांना वारं जिकडून येतं त्या अंगाला न्या आणि १९०६ ला फोन करा. आग लागली तर १०१.

एका वहिनींनी मघाशी चिठ्ठी पाठवली, भाजलं तर काय? टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. घड्याळ लावून वीस, कारण पाचव्या मिनिटाला बरं वाटतं आणि माणूस हात काढून घेतो. मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना. पण शेतात वाहतं पाणी म्हणजे मोटारीचं, आणि लाइट गेली की मोटार बंद. तेव्हा ग्रिल पेटवायच्या आधी दोन घागरी भरून सावलीत ठेवा, शेजारी एक तांब्या, आणि त्या पाण्यानं कुणाला हात धुवू देऊ नका.