रिमिनी: वाळूच्या पलीकडचं गाव

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यातली कितीतरी कुटुंबं इटलीच्या समुद्रकाठचं रिमिनी गाठतात. पोरांना तो समुद्र फार आवडतो, कारण बरंच आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच असतं. उत्तर एड्रियाटिक समुद्र मुळातच उथळ, त्यात अपेनाइन डोंगरातून येणाऱ्या मारेक्कियासारख्या नद्या शतकानुशतकं गाळ आणून ओतत आल्या. त्यातून झालेली ही सुमारे १५ किलोमीटरची पुळण. १८४३ साली इथे समुद्रस्नानाची पहिली सोय झाली आणि कोळ्यांच्या या बंदराला पाहुणे येऊ लागले.

पण रेल्वेचे रूळ ओलांडून जुन्या गावात जा, हे सांगायलाच मी आज उभा आहे. इथे पो नदीचं सपाट मैदान संपतं आणि डोंगर समुद्राजवळ येतात. ही चिंचोळी वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती उत्तरेचं दार. म्हणून रोमनांनी इ.स.पूर्व २६८ मध्ये इथे आरिमिनम वसवलं. रोमहून येणारा फ्लामिनिया रस्ता इथे संपतो आणि पियाचेन्झाकडे जाणारा एमिलिया सुरू होतो. एका टोकाला ऑगस्टसची कमान, दुसऱ्या टोकाला टायबेरियसचा पाच कमानींचा पूल. तो इ.स. २१ मध्ये पुरा झाला. त्याच्या कठड्यावर मी हात ठेवला, तेव्हा उन्हानं तापलेला तो पांढरा दगड कडेला झिजून गुळगुळीत लागला. दोन हजार वर्षांची ये-जा त्याने सोसली आहे.

१९४४ च्या सप्टेंबरात दोस्त फौजा जर्मनांची ‘गॉथिक’ ही संरक्षणफळी फोडत असताना रिमिनीचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला. पूल मात्र उभा राहिला. त्या लढाईत ब्रिटिश फौजेतून लढणारी आपली माणसं होती. शेजारच्या सॅन मरिनो या चिमुकल्या देशाला जाणाऱ्या रस्त्यावर गुरखा युद्ध स्मशानभूमी आहे. तिथे शेर बहादूर थापा या नेपाळी जवानाची कबर आहे. दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून आणताना तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. ज्यांचं दहन झालं, त्या भारतीय सैनिकांची नावंही तिथे कोरलेली आहेत. मी ती एकेक करून वाचली. निम्म्यावर आलो आणि आवाज फुटेना.

आणि रिमिनीहून गाडीने तासाभरावर सेनिओ नदी आहे. ९ एप्रिल १९४५ ला तिच्या काठावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांमधून सुखरूप मागे नेलं. मग परत फिरून मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. नगर जिल्ह्यातला हा माणूस व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी परतला.

यंदा रिमिनीला निघालात तर मला आधी कळवा. समुद्रावर जायच्या आधी सकाळी तासभर त्या स्मशानभूमीत काढू, फुलं मी आणतो.